ग्लासातला धूर

फेब्रुवारी संपत आला की चंदिगडची झाडं पानं टाकायला लागतात. पानगळ थंडीत होते असं आपण शाळेत शिकतो, इथे ती वसंतात होते. पिंपळ, पिलखन, सगळे एकदमच उघडे पडतात, रस्त्याच्या कडेला पानांचे ढीग साचतात आणि बंदी असूनही कुठला तरी माळी त्यांना काडी लावतोच. त्या दिवसांत माझा नवरा जेवताना, पेपर वाचताना, बुटाची नाडी बांधताना मध्येच थांबायचा. मान वर करायचा आणि मला विचारायचा, "खरा की माझा?"

मी खिडकीशी जाऊन हुंगायचे. बाहेर धूर असला तर "खरा" म्हणायचे. नसला तर "तुमचा."

मी त्याला तोंडावर अहो-जाहो करते, पण लिहायला बसले की तो 'तो'च होतो. फौजेत होता. शेवटचं पोस्टिंग चंडीमंदिरला झालं आणि निवृत्तीनंतर आम्ही परत त्याच्या गावी, कराडला, न जाता इथेच, शहराच्या दक्षिणेकडच्या एका सेक्टरात, तळमजल्याचं घर घेतलं. कारण विचाराल तर मागचं हिरवळीचं अंगण. त्याला वसंतात बाहेर बसून जेवायचं असायचं.

फौजेच्या मेसमध्ये दारूच्या कपाटाची जबाबदारी ज्या अधिकाऱ्यावर असते त्याला वाइन मेंबर म्हणतात. तरुणपणी ते काम त्याच्या गळ्यात पडलं. बाकीचे रम आणि व्हिस्कीत खूश होते. हा मात्र कुणीही हात न लावलेल्या वाइनच्या बाटल्या उघडून हुंगत बसायचा आणि त्यातच रमला. मी दिंडोरीकडची, वडिलांची द्राक्षबाग होती. लग्न ठरलं तेव्हा त्याला वाटलं, बायकोला वाइनमधलं कळत असणार. मला कळायचं ते खायच्या द्राक्षांमधलं. कुठला घड अजून चार दिवस वेलीवर राहायला हवा, हे मी लांबूनही सांगू शकले असते. वाइन आमच्या घरात कुणी चाखलीही नव्हती.

दर वसंतात रविवारी दुपारी अंगणात जेवण आणि त्याच्याबरोबर एक बाटली, असा त्याचा शिरस्ता होता. पंजाबात या दिवसांत ओला हरभरा येतो, त्याला छोलिया म्हणतात. त्याची उसळ असली की तो हलकी, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ आणायचा. कांचनाच्या कळ्यांची दह्यातली भाजी ही इथली खास वसंतातली गोष्ट. तिला जरा कडवटपणा असतो, म्हणून तिच्याबरोबर सोव्हिन्यों ब्लाँ. मी चैत्रातली कैरीची डाळ केली की मात्र तो डोकं धरून बसायचा. म्हणायचा, "पदार्थापेक्षा वाइन आंबट हवी. नाहीतर ती पाण्यासारखी लागते. तुझ्या डाळीपेक्षा आंबट मी काय आणू?"

आणि या जेवणांना दरवर्षी त्याचा धाकटा भाऊ असायचा.

दीर प्राथमिक शाळेत मास्तर होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर दर वसंतात आमच्याकडे यायचे, मागच्या छोट्या खोलीत राहायचे आणि उन्हं तापली की कराडला परत जायचे. दारूच्या थेंबालाही शिवायचे नाहीत. पण वाइनचा ग्लास त्यांनाही लागायचा, त्यात मी पन्हं ओतून द्यायचे. आणि बाटली उघडली की पहिला ग्लास भावाच्या आधी त्यांच्या हातात जायचा. प्यायला नाही, हुंगायला.

"काय रे?" नवरा विचारायचा.

दीर डोळे मिटून वास घ्यायचे. "पाटी. ओल्या फडक्यानं नुकतीच पुसलेली."

नवरा ग्लास घ्यायचा, हुंगायचा आणि मांडीवर थाप मारायचा. "बरोबर! अगदी पाटी!"

एकदा गुलाबी वाइन होती. दीर म्हणाले, "जत्रेतलं सरबत. पण दुकानं उठल्यावरचं." ती वाइन आम्ही कुणी पुन्हा आणली नाही. नवऱ्याने मोठमोठी पुस्तकं वाचली होती, पण भावाने सांगितलेला वास त्याला सगळ्यात पटायचा. लहानपणी एका पांघरुणात झोपलेले दोघं. दुसऱ्या कुठल्या विषयावर फारसं बोलायचे नाहीत. भाऊ भावाला काय विचारणार? तब्येत, पेन्शन, घराची कौलं. पण बाटली उघडली की त्यांचं बोलणं सुरू व्हायचं, आणि मी व माझी मुलगी ते ऐकत बसायचो.

साथीच्या दुसऱ्या वर्षी सगळ्यांना वाटलं होतं की संकट गेलं. दीर आले. मार्चअखेर ते निघायचं म्हणत होते. नवरा म्हणाला, "आणखी एक रविवार थांब. कांचनाच्या कळ्या अजून मिळतायत." ते थांबले. त्या रविवारी जेवताना त्यांनी ग्लास नाकाशी धरला, बराच वेळ धरला आणि म्हणाले, "दादा, आज काही कळत नाही बुवा. सर्दी झालीय वाटतं."

पुढचं सगळ्या घरांमध्ये झालं तसंच झालं. मागच्या खोलीचं दार बंद, दाराबाहेर ताट. मग श्वास. मग हॉस्पिटल, जिथे आत कुणाला सोडत नव्हते. मग फोन. मी स्वतः तापात होते, म्हणून स्मशानात नवरा एकटाच गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा अंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट बसला. मला जवळ येऊ दिलं नाही. मी जाळीच्या दाराआडून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यालाही ताप भरला, आणि उतरला तेव्हा त्याचं नाक गेलेलं होतं.

माझाही वास गेला होता. महिन्याभरात आला, फोडणीच्या हिंगापासून सुरुवात झाली. त्याचा आला नाही.

पुढच्या वसंतात अंगणात जेवण झालं नाही. छोलिया आला, मी स्वयंपाकघरातच उसळ केली, आम्ही टीव्हीसमोर बसून खाल्ली. कपाटात बाटल्या आडव्या होत्या, तशाच राहिल्या. एकदा तो एक बाटली घेऊन आला, उघडली, ग्लासात ओतली आणि नाकाशी धरून उभा राहिला. काहीतरी ऐकू येतंय का असं बघणाऱ्या माणसासारखा दिसत होता. मग ग्लास सिंकमध्ये ओतला.

त्याच सुमाराला धूर आला.

पहिल्यांदा सकाळी चहा घेताना. "काहीतरी जळतंय," तो म्हणाला. मला आनंदच झाला, म्हटलं नाक परत आलं. मी गॅस बघितला, इस्त्री बघितली, बाहेर जाऊन बघितलं. कुठे काही नव्हतं. दुपारी परत. मग रोज. तो उशा हुंगायचा, पडदे हुंगायचा. गरम कपड्यांची पेटी उन्हात टाकली. एका इलेक्ट्रिशियनला बोलावून घरातली सगळी बटणं उघडायला लावली. त्या माणसाने जाताना माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. वासाच्या नसा नव्याने वाढताना चुकीच्या जोडल्या जातात, नसलेले वास येतात. कुणाला सडका येतो, कुणाला जळका. त्यांनी व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, या चार तेलांच्या छोट्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, डोळे मिटून, तो वास आठवत. "महिनोन्‌महिने करावं लागेल, पण करा," त्या म्हणाल्या. मी बाटल्या भरून त्याच्या टेबलाच्या खणात ठेवल्या. तो सकाळी खोलीचं दार लावून घ्यायचा. मला वाटायचं, व्यायाम चाललाय.

घर बदललं. कसं ते सांगणं अवघड आहे. मागच्या खोलीत दिरांची पिशवी, त्यांचं मफलर, वेखंडाची पुडी, सगळं तसंच होतं. मी झाडायला गेले की मला त्यांच्या मफलरचा वास यायचा, वेखंडाचा, थोडा खडूचा. नवऱ्याला त्या खोलीत फक्त धूर. तो उंबऱ्यापर्यंत जायचा, उभा राहायचा आणि परत यायचा. कधी मी अंगणात कपडे वाळत घालताना मागे कुणीतरी खुर्चीत बसलंय असं वाटायचं. वळून बघायची हिंमत व्हायची नाही, आणि वळून बघितल्यावर रिकामी खुर्ची दिसली की त्याहून वाईट वाटायचं. त्याला मी हे सांगितलं नाही. त्याच्या वाट्याचं त्याला पुरे होतं.

अशी दोन वर्षं गेली. मग मुलगी बंगळूरहून सुट्टी घेऊन आली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती हिंदीत. आल्यावर अंगणातल्या गंजलेल्या खुर्च्या बघून म्हणाली, "मम्मा, ये क्या हाल है? संडे को लंच बाहर होगा. पक्का."

"बाबा बसणार नाहीत," मी म्हटलं.

"बैठेंगे. और वाइन आप लाओगी."

मी कधी बाटली निवडली नव्हती. त्यात नाक नसलेल्या माणसासाठी कशी निवडायची? शनिवारभर स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते. वडील द्राक्ष चाखताना डोळे मिटायचे नाहीत, जीभ टाळ्याला लावायचे. आधी गोडी, मग आंबटपणा, मग सालीचा तुरटपणा बघायचे. वास त्यांना फवारणीमुळे कधीच यायचा नाही, तरी बागेतला चांगला घड त्यांनी कधी चुकवला नाही. मी ठरवलं, जिभेला जे कळतं तेच घ्यायचं.

दारूच्या ठेक्यावरचा काउंटरवाला मला ओळखत होता. "साहब ठीक हैं, मॅडम? बहुत दिन से आए नहीं."

"ठीक हैं," मी म्हटलं आणि फळीकडे बघत राहिले. भजी आणि कटलेटबरोबर बुडबुडेवाली घेतली, बुडबुडे निदान टोचतील. कैरीच्या डाळीसाठी त्यांच्याकडे होती ती सगळ्यात आंबट पांढरी. आणि मटणासाठी एक शिराझ. या दिवसांत कोवळी लसणीची पात मिळते, ती घालून मी मटण करणार होते, आणि तांबड्या वाइनचा तुरटपणा मटणाच्या तेलावर बरा असतो एवढं मला त्याच्याच तोंडून ऐकून ठाऊक होतं. ती आमच्या नाशिककडची निघाली. म्हटलं, चला, माहेरची आहे.

रविवारी तो बाहेर येऊन बसला. मुलीने हात धरून आणला, नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. पानं पडत होती, टेबलावर, ताटात. बुडबुडेवाली त्याने प्यायली आणि खरंच जरा हसला. "टोचते," म्हणाला. डाळीबरोबरची पांढरीही एक घोट घेतली. "आंबट आहे. बरी निवडलीस." पण वास घ्यायला त्याने ग्लास नाकाशी नेलाच, इतक्या वर्षांची सवय, आणि चेहरा मिटला. "धूर," तो म्हणाला आणि ग्लास बाजूला सरकवला.

मी मटण वाढलं. मुलीने शिराझ उघडली, त्याच्यासमोर ओतली. त्याने हुंगली, मान हलवली. "जास्तच आहे यात. घेऊन जा हे."

मी ग्लास उचलला. आत न्यायचा म्हणून उठले, आणि उठता उठता, का कोण जाणे, मीही वास घेतला.

धूर होता.

पिकलेल्या जांभळासारखं काहीतरी आधी, आणि त्याच्याखाली विझत आलेल्या लाकडाचा, राखेचा, स्पष्ट धूर. क्षणभर वाटलं, आता मलाही लागलं हे. मी पुन्हा हुंगलं. होता.

"अहो," मी म्हटलं. "आहे."

"काय आहे?"

"धूर. यात आहे. मला येतोय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची चेष्टा करते आहे. मुलीने माझ्या हातातून ग्लास घेतला. "हाँ पापा, स्मोकी है. बॅरलची लाकडं आतून भाजतात ना, उससे आता है. शिराझमध्ये असतो." एवढं मराठी ती घाबरली की बोलते.

त्याने ग्लास परत घेतला. दोन्ही हातांनी धरला. खूप वेळ वास घेत राहिला. मग विचारलं, "तुम्हाला दोघींना येतोय? आत्ता?"

"येतोय."

"कसला? लाकडाचा?"

"लाकडाचा," मी म्हटलं. "विझत आलेल्या."

त्याने मान खाली घातली. आणि तीन वर्षांत जे बोलला नव्हता ते त्या टेबलावर बोलला, मटण गार होत असताना.

"मला लांब उभं केलं होतं," तो म्हणाला. "दोरी बांधली होती. त्याला त्या पिशवीत आणलं. तोंड दाखवलं नाही. हात लावायचा नाही, पाणी घालायचं नाही, काही नाही. एकाशेजारी एक, सगळ्यांचं एकदमच चाललेलं. त्यातला माझा कुठला हे मी बोटांवर मोजून लक्षात ठेवत होतो. कधीतरी मोजणं चुकलं. मग मला वाटलं, हा असाच जाणार, मला काहीच न मिळता. म्हणून मी मास्क खाली केला."

"पापा," मुलगी म्हणाली.

"मास्क खाली केला आणि श्वास घेतला. जेवढा येईल तेवढा. म्हटलं, त्याच्यातलं काहीतरी तरी आत येईल. तिथे तो एकटा नव्हता, किती जणांचा होता तो धूर, पण त्यात तोही होता. तेवढंच मला करता आलं. त्यानंतर मला दुसरा वास आलाच नाही. तोच शेवटचा."

शेजारच्या घरात पंजाबीत कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं.

मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या बाटल्या मी हुंगत नव्हतो. गुलाब, लिंबू. खोलीत नुसता बसून राहायचो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, व्यायाम केला की हे जाईल. मला ते जायला नको होतं."

मला रडू फुटायला हवं होतं, पण आला तो राग. सगळ्या घराला त्या धुरात ठेवलं म्हणून, इलेक्ट्रिशियनसमोर मला वेड्यासारखं उभं केलं म्हणून. रागाच्या भरात मी मटणाचं भांडं उचलून आत गेले आणि गरम करायला ठेवलं. गॅसपाशी उभी असताना खिडकीतून दोघं दिसत होते. मुलीने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, एक घोट घेतला, परत दिला. मग त्यानेही घेतला. एकाच ग्लासातून ते पीत राहिले. मला राग धरवेना. मी भांडं घेऊन बाहेर आले आणि तिसरा घोट मी घेतला. मास्तर असते तर त्यांनी या वासाला काय म्हटलं असतं, असं मी विचारलं.

नवऱ्याने विचार केला. "घरचा बंब," तो म्हणाला. "सकाळी आई पेटवायची तो. आम्ही दोघं त्याच्याभोवती बसायचो थंडीत." मग थोड्या वेळाने, "हो. बंबच म्हणाला असता."

त्यानंतर त्याने व्यायाम सुरू केला. कुणी सांगितलं नाही. सकाळी दार उघडं ठेवून बसायचा, चार बाटल्या समोर. मी तिथे असले तर मलाही एक हुंगायला द्यायचा, नीट आहे ना बघायला. लवंग आधी आली, तीही वेडीवाकडी, त्याच्या म्हणण्याप्रमाणे गंजलेल्या खिळ्यासारखी. कॉफी अजून त्याला जळलेल्या रबरासारखी लागते. पांढऱ्या वाइन बहुतेक ओल्या पुठ्ठ्यासारख्या. तो म्हणतो, हे नाक दुसऱ्या कुणाचं तरी आहे, माझ्या तोंडावर बसवलंय.

धूर कमी होत गेला. आधी आठवड्यातून एकदा, मग महिन्यात. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. पण जेव्हा बरेच दिवस आला नाही, तेव्हा तो घरात अस्वस्थ फिरायला लागला, दारं उघडायचा, बंद करायचा. एका सकाळी फिरायला गेलेला लवकर परत आला नाही म्हणून मी शोधायला निघाले, तर बागेच्या कडेला पानांचा ढीग धुमसत होता आणि हा धूर अंगावर येईल अशा बाजूला उभा होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माळी त्याला "साहबजी, पीछे हो जाओ" म्हणत होता. मी हात धरून घरी आणलं.

या वसंतात पुन्हा मुलगी आली. बाटल्या आम्ही तिघांनी मिळून आणल्या. तो आम्हाला विचारून विचारून निवडतो, ही आंबट आहे का, ही जिभेला पकडते का. दिरांची पिशवी मी अखेर कराडला त्यांच्या चुलत भावांकडे पाठवली, मफलर ठेवून घेतलं. मागच्या खोलीत मुलगी झोपते. म्हणते तिथे तिला छान झोप लागते. मी अजूनही तिथे झाडायला जाते तेव्हा आधी दारातूनच बघते.

जेवण झाल्यावर आम्ही ताटं आत नेली. तो अंगणातच राहिला. समोर दोन ग्लास होते. एकात त्याने शिराझ ओतली होती, दुसऱ्यात मी केलेलं पन्हं, दिरांना द्यायचे तसं. मुलीची निघायची वेळ झाली होती, ती त्याला हाक मारणार तेवढ्यात मी तिचा दंड धरला. तो शिराझचा ग्लास समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पुढे करून धरून बसला होता, कुणीतरी तो आधी हुंगायला घेईल म्हणून. ऊन तापलं होतं. त्यातली वाइन एव्हाना कोमट होऊन गेली असणार.